गोळी योजनेबाहेर, डायलिसिस योजनेत

‘राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं आरोग्यविम्याचं कवच मिळालं, आता आजारपणापायी कोणाला कर्ज काढावं लागणार नाही,’ असं माझ्या एका अर्थतज्ज्ञ स्नेह्यांनी परिसंवादात ठासून सांगितलं. टाळ्याही भरपूर पडल्या. त्यांचा अभ्यास दांडगा आहे आणि हेतूही चांगला आहे, म्हणूनच त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

श्रेय द्यायचं ते आधी देतो. 1997च्या जीवनदायी योजनेपासून महाराष्ट्राने या वाटेवर बरीच मजल मारली. 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि 2023 साली मंत्रिमंडळाने दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेऊन पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळ्यांना तिच्यात घेण्याचा निर्णय केला. अँजिओप्लास्टीसाठी जमीन गहाण टाकण्याची वेळ यामुळे कितीतरी घरांवरून टळली. हे नाकारणाऱ्यांशी मला वादच घालायचा नाही.

पण योजनेतल्या रुग्णालयात, पेशंटच्या मदतीला बसवलेल्या आरोग्यमित्राच्या टेबलाजवळ थोडा वेळ उभं राहून पाहा. रेशनकार्ड, आधार, तपासण्यांचे कागद घेतले जातात, पूर्वमंजुरीसाठी पाठवले जातात. पेशंट दाखल होणार असेल आणि आजार यादीत असेल, तरच पुढचं सगळं सुरू होतं. ज्याला फक्त रक्तदाबाच्या गोळ्या हव्या आहेत, त्याच्यासाठी या टेबलावर काहीच नाही. त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं अशी अपेक्षा आहे. तिथे साठा संपलेला असला की ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी मिळते. मेडिकलवाल्याकडे तो महिन्याऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या मागतो, पुढे एक दिवसाआड घेतो, मग काही त्रास होत नाही म्हणून सोडून देतो. काही वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होतात आणि तोच माणूस त्याच टेबलाशी परत येतो. आता मात्र त्याचं स्वागत होतं, कारण डायलिसिस योजनेत आहे. औषध वेळेवर मिळालं असतं तर अशा कित्येकांना डायलिसिसची खुर्ची पाहावी लागली नसती.

यावर स्नेह्यांचं उत्तर तयार असतं, आणि ते अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरोच्या आधाराने येतं. अ‍ॅरोचा 1963 सालचा निबंध ज्याने वाचला नाही त्याने आरोग्याच्या अर्थकारणावर बोलू नये, असं मलाही वाटतं. आजार कधी येईल हे सांगता येत नाही. आला की काय विकत घ्यायचं हे रोग्याला कळत नाही, डॉक्टरला कळतं. म्हणून इथे भाजीबाजाराचे नियम चालत नाहीत. विम्याचा उपयोग अनिश्चित खर्चापुरता. दरमहा ठरलेल्या गोळीचा विमा कसला, असं स्नेही विचारतात. मुद्दा बिनतोड आहे. पण ते अ‍ॅरो अर्धाच सांगतात. जिथे बाजार तोकडा पडतो तिथे समाज बाजाराबाहेरच्या संस्था उभ्या करून ती पोकळी भरू पाहतो, हेही त्याच निबंधात आहे. गोळीचा विमा होत नसेल, तर गोळी करातून द्या! तामिळनाडूने 1990च्या दशकातच औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढलं. 2021पासून त्या राज्यात रक्तदाब-मधुमेहाची औषधं आरोग्यसेविका घरी नेऊन देतात. राजस्थानने 2011 साली सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली. आपण 15 ऑगस्ट 2023पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, पण औषधाचं कपाट रिकामं असेल तर त्या मोफतपणाचा उपयोग काय?

मग विमा मोडीतच का काढू नये? सगळा पैसा सरकारी रुग्णालयांत घाला, असं म्हणणारे माझे दुसरे मित्र आहेत आणि मन त्यांच्याकडेच ओढ घेतं. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 सालीच सांगितलं होतं. पण दुर्गम भामरागडच्या माणसाला आज रात्री हृदयविकाराचा झटका आला, तर सरकारी कॅथलॅब उभी राहीपर्यंत त्याने थांबायचं का? विमा राहिला पाहिजे, या निष्कर्षावर मी येतो तो इथे. त्याला आणखी एक कारण आहे, आणि मला तेच मोठं वाटतं. या योजनेमुळे सरकार खासगी रुग्णालयांचं फार मोठं गिऱ्हाईक झालं आहे, आणि एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला अटी घालता येतात. दरपत्रक दर्शनी भागात लावा, योजनेतल्या पेशंटकडून वर एक रुपया घेऊ नका, घेतलात तर करार संपला, असं सरकार म्हणू शकतं. म्हणण्याचा हक्क मात्र त्याने रुग्णालयांची देणी वेळेवर चुकती करून कमवावा लागेल. बिलं थकवणाऱ्याचं कोण ऐकणार? धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, हा नियम तर केव्हापासून आहे. त्यातल्या किती खाटा आज रिकाम्या आहेत हे नातेवाइकाला दारातच दिसायला हवं.

सप्टेंबर 2025मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. पॉलिसी परवडणाऱ्यांना त्याचा दिलासा आहे, आणि तो मिळायलाच हवा होता. बाकीच्यांचा हिशेब राज्याच्या तिजोरीत होतो. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचे आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्चावेत, असं 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे, त्याला मुदत 2020ची होती. ती टळून गेली, आणि महाराष्ट्र त्या आकड्याच्या जवळपासही नाही. येत्या मार्चमध्ये अर्थमंत्री भाषणाला उभे राहतील, तेव्हा पाच लाखांचा उल्लेख होईलच. रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांसाठी प्रत्येक प्राथमिक केंद्राला वर्षभराची वेगळी तरतूद आहे की नाही, हे विरोधी बाकांवरून कोणीतरी त्यांना तिथेच विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.