दान गुप्त, हिशेब उघड

कापणीच्या सणास आपल्या मंडळ्यांत धान्य, भाजी, कोंबड्या व अंडीं यांचें अर्पण होतें. मग त्यांचा लिलाव करून पैसा गरिबांस देतात. मोठी बोली बोलणाऱ्याचें नांव पुकारलें जातें. एक अंडें आणणारी मजुरीण मान खालीं घालून बसते. तर हें दान देवासाठीं कीं नांवासाठीं? कोणी म्हणतील, गरिबाचें पोट भरलें म्हणजे झालें. परंतु ज्या प्रभूनें विधवेच्या दोन टोल्या श्रीमंतांच्या दानाहून अधिक लेखिल्या, तो देणाऱ्याचें अंतःकरण पाहतो. पौलानें यरुशलेमेंतील गरिबांसाठीं वर्गणी जमविली, तेव्हां कोणी दोष लावूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला बंधु सोबत घेतला. प्रियजनहो, आपण बहुधा नांव उघड करितों व हिशेब झांकितों. ह्या सणास नांव झांकावें आणि पैशापैशाचा हिशेब मंडळीपुढें वाचावा.