सातव्या वर्षाचा बेवड

खानदेशातल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेत पाळकसाहेबांच्या पगाराचा विषय निघतो. पाळकघराच्या गळक्या छताचा निघतो, कधीमधी मोटरसायकलच्या पेट्रोलचाही निघतो. त्यांच्या विश्रांतीचा विषय मात्र कोणी काढत नाही. तो आता काढावा, असे मला मनापासून वाटते. सहा वर्षे सेवा झालेल्या पाळकाला सातव्या वर्षी सलग तीन महिने, पूर्ण पगारासह, सगळ्या जबाबदाऱ्यांतून मोकळे करावे. पाळकाला ही रजा हवीच आहे. पण तिची त्याहून जास्त गरज मंडळीला आहे, आणि या लेखातले माझे मुख्य म्हणणे तेच आहे.

आधी कामाचे स्वरूप पाहू. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात मंडळीतली माणसे बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. साक्री-नवापूरकडे भिल्ल, गावित, मावची वस्त्यांत एकेका पाळकाकडे चार-पाच गावे असतात. रविवारी सकाळी एका गावात उपासना, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी कोणाच्या घरी प्रार्थना. सोमवारी धुळ्याच्या सिव्हिलमध्ये पेशंटजवळ, मंगळवारी कोणाच्या दाखल्यासाठी तहसीलला, मध्येच एखादा दफनविधी, आणि रात्री नवरा-बायकोचे भांडण सोडवायला बोलावणे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास असताना लग्नसराईही ऐन भरात असते. पाळकांच्या पत्नी या सगळ्यात बरोबरीने राबतात. त्यांच्या राबण्याला पगारही नाही आणि पदही नाही.

अशा एका पाळकांची उपदेशाची वही मी पाहिली आहे. प्रत्येक उपदेशाच्या डोक्यावर तारीख. सुरुवातीची पाने गच्च भरलेली, समासात शास्त्रवचनांचे आकडे, बाणांनी जोडलेले मुद्दे. पुढे पुढे टिपणे तुटक होत गेलेली. शेवटी तर जुन्याच पानांवर जुनी तारीख खोडून नवी घातलेली. एका पानावर अशा तीन तारखा होत्या. याला आळस म्हणता येणार नाही. एकही दिवस कामाशिवाय गेला नव्हता, पण आत नवे काही साठायला उसंतच उरली नव्हती. मंडळी तीन वर्षे तोच उपदेश ऐकत होती आणि तिला ते कळलेही नव्हते. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

विश्रांतीची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पश्चिम खानदेशात काम उभे केले ते फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने. पूर्वेकडे भुसावळ-जळगावच्या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने. त्या काळच्या मिशनरींना ठरावीक वर्षांनी फर्लो मिळे. ते मायदेशी जात, प्रकृती सुधारत, अभ्यास करत, आपल्या मंडळ्यांना भेटत आणि ताजेतवाने होऊन परतत. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींना उन्हाळ्यासाठी महाबळेश्वरचा आसराही होता. त्यांनी ते घेतले यात काहीच गैर नव्हते. दूरदेशी, अपरिचित हवेत काम करणाऱ्याला त्याची गरज होतीच. पण त्यांच्याबरोबर त्याच उन्हात गावोगाव फिरणाऱ्या देशी उपदेशकाला आणि बायबलबाईला तशी गरज असेल, हे कोणाच्या मनात आले नाही. पुढे मिशनच्या संस्था स्थानिक मंडळ्यांच्या हाती आल्या. बंगले आले, शाळा आल्या, जमिनींचे वाद आले. फर्लो तेवढा आला नाही. पन्नास-साठ वर्षे आपणच आपला कारभार पाहत आहोत, त्यामुळे ही उणीव आता परक्यांच्या माथी मारता येणार नाही.

रोमन कॅथलिक बंधूंकडे याची निदान काही तरतूद आहे. 1983 च्या त्यांच्या धर्मसंहितेत धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूला वर्षाला एक महिन्यापर्यंत रजेची मुभा आहे आणि वार्षिक आध्यात्मिक एकांतवासाचे दिवस त्यात धरले जात नाहीत. हार्वर्ड विद्यापीठाने 1880 मध्ये प्राध्यापकांसाठी सातव्या वर्षाची रजा सुरू केली. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सात वर्षांच्या सेवेनंतर प्राध्यापकांना अभ्यासासाठी एक वर्षापर्यंत अशी रजा मिळू शकते. ज्या ग्रंथातून ही सातव्या वर्षाची कल्पना जगाने उचलली, तो ग्रंथ दर रविवारी ज्याच्या हातात असतो त्यालाच ती लागू नाही.

त्या ग्रंथात लेवीयच्या 25 व्या अध्यायात जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यायला सांगितले आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. केळी आणि पिलबाग काढून झाल्यावर तो त्याच रानात लगेच पुन्हा केळी लावत नाही. ताग किंवा धैंचा पेरतो, फुलावर येताच गाडतो, नाहीतर हरभरा घेतो. पुढचे पीक बेवडावर येते हे त्याला पक्के ठाऊक असते. त्या हंगामात रान रिकामे नसते, त्याचे काम फक्त बदललेले असते. पाळकाचे तीन महिने असेच असावेत.

मग त्या तीन महिन्यांत त्यांनी काय करावे? पहिले काही आठवडे झोपावे, असे मी म्हणेन. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने आधी खाऊ घातले आणि झोपू दिले. होरेबचा प्रवास आणि देवाशी बोलणे त्यानंतरचे. मग वाचावे, उपदेशासाठी मुद्दे न काढता वाचावे. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरीचे ग्रंथालय आहे. दुसऱ्याच्या मंडळीत शेवटच्या बाकावर बसून उपासना करावी. बायको-मुलांना वेळ द्यावा. कामापासून दूर झालेल्या माणसाच्या हातून काय घडू शकते याचा दाखला धुळ्यातच आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि महाराष्ट्राला एक ग्रंथ मिळाला. तो एकांत सरकारने लादलेला होता. मंडळीने तो प्रेमाने द्यायला काय हरकत आहे?

मंडळी तो देत नाही तेव्हा संवेदनशील माणूस कधीकधी दारच ओलांडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगारी चाकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांतच, 1919 मध्ये, ते गेले. त्यांच्या निर्णयामागे मोठी स्वतंत्र दृष्टी होती. ती थकव्याची गोष्ट नव्हती. तरी प्रश्न उरतोच: नव्याने देवाला शोधायचे तर सेवकाला व्यवस्थेबाहेरच पडावे लागावे का? व्यवस्थेतच तेवढी जागा का असू नये?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खरा आणि बोचरा आहे. मंडळीतला शेतमजूर, ऊसतोडीला जाणारा माणूस, त्याला कोण रजा देतो? मग पाळकालाच का? पण बहुतेक गावांत आठवडे बाजाराच्या दिवशी मजूरही कामावर जात नाही. पाळकाला तोही दिवस नाही, कारण इतरांचा सुटीचा रविवार हाच त्याचा सर्वांत कष्टाचा दिवस. शिवाय विसावा हा देवाचा हुकूम आहे हे मंडळी आपल्या सेवकाच्या बाबतीत मान्य करेल, तरच उद्या मजुराच्या विसाव्यासाठी ती तोंड उघडू शकेल.

दुसरा आक्षेप पैशांचा. तीन महिन्यांचा पगार एरवीही द्यावाच लागतो. वाढतो तो पाहुण्या उपदेशकांचा प्रवासखर्च. शेजारच्या पाच-सहा मंडळ्यांनी मिळून पाळी लावली आणि कापणीच्या सणाच्या दानातून दरवर्षी थोडे बाजूला टाकले, तर हा भार लहान मंडळीलाही झेपेल.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही: पाळक नसताना मंडळी फुटेल, कोणीतरी माणसे पळवील. ही भीती खरी असेल तर ती मंडळी एका माणसाच्या खांद्यावर उभी आहे, आणि तसे असेल तर ते आजच कळलेले बरे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला सांगितले की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. ‘हे लोकही’ हा भाग आपण सोयीने विसरतो. पाळक सगळे करतो तेव्हा पंच फक्त सह्या करतात, तरुण संघ नाताळपुरता उरतो, आणि प्रार्थना करता येणाऱ्या बायका वर्षानुवर्षे गप्प बसतात. पाळक तीन महिने नसले की आजाऱ्याकडे पंचांना जावे लागेल. शब्बाथशाळेच्या शिक्षिकेला उपदेशाला उभे राहावे लागेल. मावची किंवा अहिराणी बोलणारा एखादा शेतकरी आपल्या बोलीत साक्ष देईल, आणि ती लोकांना जास्त भिडेल.

हे नीट घडायचे तर नियम हवेत. रजा आखाडापासून पुढचे तीन महिने असावी. तेव्हा लग्ने उरकलेली असतात, आणि कापणीचा सण व नाताळ लांब असतात. प्रभुभोजन, बाप्तिस्मा आणि दफन यांसाठी शेजारचे पाळक आधी ठरलेले असावेत. रजेवरच्या पाळकांना कोणीही फोन करू नये, अगदी पंचांनीही नाही. पाळकांनी त्या काळात दुसरीकडे सभा घेऊ नयेत, पदवीचा अभ्यासही काढू नये. त्यांच्या पत्नींनाही तितकीच मोकळीक मिळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: त्या तीन महिन्यांत लोकांनी जी कामे उचलली, ती पाळक परतल्यावर त्यांच्या डोक्यावर पुन्हा टाकू नयेत. नाहीतर दोन महिन्यांत सगळे मूळपदावर येईल आणि रजा फुकट जाईल.

यंदाच्या वार्षिक सभेत हा ठराव कोणी पाळकाने मांडू नये. त्याला तो मांडताना संकोच वाटेल. तो पंचांपैकी कोणी मांडावा, महिला मंडळाने अनुमोदन द्यावे, आणि चर्चा सुरू होताना प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: पाळकसाहेब नसताना मी मंडळीसाठी काय करीन? या प्रश्नाला पाच-दहा जणांकडे खरे उत्तर असले, तर ती मंडळी रजा द्यायला तयार आहे. कोणाकडेच नसले, तर तिला या रजेची गरज सर्वांत जास्त आहे.