बाज दारातून निघते का?

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपण आठवतं. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ, स्वतःहून उठता-बसता न येणाऱ्या म्हाताऱ्यांचं कायमचं राहण्याचं ठिकाण. धाराशिव जिल्ह्यात हे काम घरच करतं. ओसरीत बाज, उशाशी तांब्या, उठवायला सून. मुलगा कामाला चाकणला.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी फुगली, तेव्हा परंडा तालुक्यातल्या वडनेरला एक कुटुंब छतावर अडकलं होतं. त्यात आजी होती, दोन वर्षांचं पोर होतं. खासदार ओमराजे निंबाळकर एनडीआरएफच्या जवानांबरोबर पाण्यात उतरले, ते चित्रण राज्यभर फिरलं. तालुक्यात हेलिकॉप्टरही आलं. एरवी टँकरच्या खेपा मोजणाऱ्या जिल्ह्यात! मला मात्र ती आजी आठवत राहते. तिला निदान छत गाठता आलं. जिला कूसही बदलता येत नाही, तिच्या लेखी छत काय आणि हेलिकॉप्टर काय, सारखंच लांब.

सरकारच्या ‘सचेत’ यंत्रणेतून धोक्याच्या भागातल्या मोबाइलवर इशारा जातो. भाग ठरतो तो फोन कुठे आहे यावरून. म्हणजे सीनाकाठचा इशारा चाकणच्या मुलाला जायचं कारणच नाही. आणि आईचा बटणांचा फोन, लाईट गेल्यापासून, बंद.

अशा माणसांना संकटात वाचवणं श्रीमंत देशाला तरी जमलं का? २०१७ मध्ये इर्मा वादळात फ्लोरिडातल्या हॉलीवूड हिल्सच्या नर्सिंग होममधलं वातानुकूलन बंद पडलं आणि उकाड्याने १२ जण गेले. रस्त्यापलीकडे मोठं रुग्णालय चालू होतं! २०२१ च्या आयडा वादळात लुइझियानातल्या सात नर्सिंग होममधले आठशेहून अधिक रुग्ण हलवले, ते एका गोदामात कोंबले. शिवाय हलवणं हेच अशा शरीराला घातक ठरू शकतं, हे तिथल्या अभ्यासांनी दाखवलंय. घ्यावी अशी एक गोष्ट तिथे आहे: ‘एम्पॉवर’. घरी ऑक्सिजन यंत्रावर, व्हेंटिलेटरवर कोण जगतंय याचा विम्याच्या नोंदींवरून आधीच लावलेला हिशेब.

आपल्याकडे नोंदी नाहीत असं थोडंच आहे? श्रावणबाळ योजनेची यादी तहसिलीत असते. आणि अंथरुणाला कोण खिळलंय हे आशाताईला तोंडपाठ असतं. १९९३ च्या भूकंपानंतर याच जिल्ह्यात, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं. घराघरातली माहिती बाईकडेच असते हे इथे नव्याने सांगायला नको. अडचण एवढीच, की तहसिलीच्या यादीत वय आहे, पण उठता येतं की नाही ते नाही. आणि आशाताईची माहिती तिच्या वहीबाहेर जात नाही.

ती वही मोबाइलवर आणा. गावठाणाबाहेरच्या वस्तीला घरक्रमांकाचा उपयोग नसतो, म्हणून कोरड्या दिवशी तिथे उभं राहून लोकेशन घ्या. चाकणचा नंबर जोडा. इशारा निघाला की तिथेही घंटी वाजू द्या. (ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र लावू नका, एकट्या म्हाताऱ्यांचे पत्ते चोरालाही हवेच असतात.) रस्त्यावर पाणी चढलं की १०८ ची रुग्णवाहिका पाण्याच्या अलीकडच्या बाजूलाच थांबते, तेव्हा ट्रॅक्टर कुणाचा आणि उचलायला चौघं कोण, तेही लिहून ठेवा.

शेवटी एक रकाना मी हट्टाने घालेन: बाज दारातून बाहेर निघते का? नसेल निघत, तर आजीला झोळीत घ्यावं लागेल, आणि जाड चादर कुठल्या पेटीत आहे हे सुनेला आधी विचारावं लागेल.