सामान्यांचे शौर्य आणि साधारण धर्म

अनोळखी माणसासाठी जीव धोक्यात घालणे हे कर्तव्य, की कर्तव्यापलीकडचे पुण्य? नीतिशास्त्रातला हा जुना प्रश्न शिव रवैल दिग्दर्शित ‘द रेल्वे मेन’ (२०२३) या चार भागांच्या मालिकेच्या मुळाशी आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट गळले. रेल्वे स्थानकावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. फलाटावरची प्रवाशांनी भरलेली गाडी त्यांनी वेळेआधीच सोडली, भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबवण्याची धडपड केली आणि स्वतः स्थानकातच थांबले. वायूने त्यांची प्रकृती कायमची ढासळली. २००३ मध्ये ते वारले. के. के. मेनन यांची भूमिका त्यांच्यावरूनच बेतलेली आहे.

मालिकेत दुसरे कथानक भोपाळकडे निघालेल्या गाडीत घडते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर शिखांच्या जिवावर उठलेला जमाव एका शीख मायलेकांचा पाठलाग करतो आणि गाडीचा गार्ड त्यांना वाचवायला धडपडतो. शीखविरोधी हिंसाचाराचा मुख्य भडका त्या नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांतला. मालिकेने तो वायुगळतीच्या रात्रीशी जोडला. वायूला धर्म कळत नाही, जमाव धर्म पाहूनच वार करतो. संकटे इतकी वेगळी असूनही दोन्हीकडे आडवा येतो तो रेल्वेचा साधा नोकर.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. ओ. अर्म्सन यांनी १९५८ मध्ये मांडले, की वीरांची कृत्ये कर्तव्याच्या पलीकडची असतात. ती कोणाकडून मागता येत नाहीत. धर्मशास्त्राने हा पेच निराळ्या रीतीने हाताळला. विशेष धर्म पदाला आणि स्थानाला चिकटलेला असतो. अहिंसा, सत्य, अस्तेय हा साधारण धर्म मात्र माणूसमात्राचा. गाडी ठरल्या वेळीच सोडणे हा रेल्वे कर्मचाऱ्याचा विशेष धर्म. पण तो नियम प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठीच असतो. म्हणून दस्तगीरांनी वेळापत्रक मोडले तेव्हा नोकरीचा धर्म सुटला नाही, त्याचे मूळ शाबूत राहिले. गार्डाचेही तसेच: डब्यातला प्रवासी शीख आहे, यापेक्षा तो आपल्या गाडीतला प्रवासी आहे, हे त्याला पुरेसे वाटते.

तरी अर्म्सन यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. विषारी वायूत थांबला नाही म्हणून कोणाला दोषी धरता येणार नाही. असा त्याग समाजाने मागायचा नसतो. तो माणूस स्वतःकडेच मागतो.

मात्र या शौर्याची गरज का पडली, हेही पाहिले पाहिजे. कारखान्यातली शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोराही निकामी होता. दिल्लीत शिखांच्या कत्तली होत असताना पोलिसांनी अनेक ठिकाणी बघ्याची भूमिका घेतली. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांनी आपले साधे काम टाकले आणि त्याची किंमत सामान्यांनी जिवाने चुकवली. अशा वीरांचा गौरव करणाऱ्या समाजाने त्या जबाबदारांचा हिशेबही मागितलाच पाहिजे.