दोष कोणाचा?

आमच्या साजगावच्या विठोबाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. कार्तिकातल्या त्याच्या यात्रेत सुक्या बोंबलांचा बाजार भरतो, आणि देव रागावत नाही. अशा समजूतदार देवाच्या साक्षीने एक कबुली देतो.

भजनासाठी मी घरीच विजेवरची सूरपेटी केली. तांब्याचा मुलामा असलेल्या बोर्डावर मार्करने रेघा आखल्या, बाकीचं तांबं फेरिक क्लोराईडने खाल्लं. (हिची परातही.) लॅमिंग्टन रोडवरून ५५५ नंबरची आयसी आणली. ही १९७२ सालापासून बाजारात आहे. तिच्या जोडीचा कपॅसिटर सेकंदाला २७७ वेळा भरला नि रिता झाला, की काळी एक वाजते.

"विकत मिळते की!" ही म्हणाली. मी हसलो.

यात्रेत हॅलोजनच्या दिव्याखाली पेटी तापली, कपॅसिटर बिथरला, सूर सरकला. बुवा गाता गाता थांबले. "कान गेला रे माझा!" म्हणाले. मी गप्प!

आता पाहा, विकतची वस्तू बिघडली तर कंपनीला शिव्या देता येतात. घरी केलेल्या वस्तूत ती सोय नाही. म्हणून मी माझा दोष एका म्हाताऱ्याच्या कानाला चिकटवला.

रात्रभर झोप नाही. सकाळी बुवांचे पाय धरले, सगळं सांगितलं.

बुवा म्हणाले, "अरे, माझ्या पेटीची एक पट्टी तीस वर्षं बेसूर आहे. मी पखवाजवाल्यावर डाफरतो."

कपॅसिटर मी बदललाय. पखवाजवाला बिचारा अजून माफी मागतो.