कवचकुंडले उतरल्यावर

संग्राहकांनी जपलेली रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार आणि जुनी शर्यतीची गाडी, दोन्हींचे मोल वेगवेगळ्या कसोटीवर ठरते. पहिलीबाबत विचारतात, ती कारखान्यातून निघाली तशीच आहे का? मर्सिडीज ३०० एसएल ‘गलविंग’ १९५४ ते १९५७ या काळात १,४०० निघाल्या. त्यांतल्या एखादीच्या इंजिनाचा क्रमांक मूळ नोंदीशी जुळला नाही, की भाव उतरतो. शर्यतीच्या गाडीचे इंजिन मात्र फुटते, पत्रा चेपतो, रात्रीत गिअरबॉक्स बदलतो आणि सकाळी ती पुन्हा धावते. सगळे बदलल्यावर ‘ती’ उरते कशात?

पाली ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात भिक्षू नागसेन हाच प्रश्न रथाबद्दल विचारतो. चाक रथ नव्हे, आस नव्हे, जूही नव्हे; या साऱ्यांच्या आधाराने चालत आलेले नाव म्हणजे रथ. न्याय-वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांना हे मान्य नाही. त्यांच्या मते भागांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखरच असतो. मात्र भाग बदलला, की जुना अवयवी संपून नवा उपजतो. या काटेकोर हिशेबाने शर्यतीची गाडी टायर बदलताच दुसरी ठरेल, आणि मग विजय कोणत्या गाडीचा हेच सांगता येणार नाही.

बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीने १९२९ आणि १९३० मध्ये ल मांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यातले त्या वेळचे भाग फारच थोडे उरले. तिचा एक कोटी पौंडांचा सौदा बिनसला आणि वाद लंडनच्या न्यायालयात गेला. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निवाडा दिला: तिला ‘मूळ’ म्हणता येत नाही, पण ती अस्सल आहे, कारण तिचे अस्तित्व मध्येच कधी तुटले नाही.

शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) ही कादंबरी ज्याच्यावर लिहिली, त्या कर्णाकडे पाहिले की हा निवाडा पटतो. अंगाबरोबर जन्मलेली कवचकुंडले कापून दिल्यावरही कर्ण कर्णच राहिला. शर्यतीची गाडी त्याच्या कुळातली. तिची ओळख कर्तृत्वाची. रस्त्यावरच्या गाडीच्या नावावर असे कर्तृत्व सहसा नसते. घडवणाऱ्या हातांची साक्ष हेच तिचे सर्वस्व, म्हणून तिची कवचकुंडले जपण्याचा आग्रह योग्यच आहे.

खरी अडचण टाकलेल्या भागांची. ते गोळा करून कुणी दुसरी गाडी उभी केली, तर नाव कोणाचे? थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये जहाजाच्या फळ्यांबद्दल हेच विचारले होते. बैलगाडीच्या व्यवहारात याचे उत्तर आधीपासून आहे. सुतार झिजलेले आरे काढून नवे ठोकतो. लालबुंद तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवतात, पाणी ओततात, वाफ उठते आणि आवळत जाणारी धाव नव्याजुन्या लाकडाला एकजीव करते. काढलेले आरे चुलीत जातात. गाडी त्याच घरची, त्याच बैलांची राहते.