मंद आच

एका रविवारी दुपारी एका कुटुंबाने जेवावयास बोलाविले होते. गृहिणीने ओव्हनमध्ये डुकराच्या बरगड्या ठेवल्या होत्या. पाहुणे लवकर आले म्हणून तिने आच वाढविली. तासाभरात वरून सुरेख रंग चढला. पण मांस दातांनी तुटेना. "फादर, शिजलंय हो, पण मऊ झालं नाही," ती ओशाळून म्हणाली.

शिजणे आणि मऊ होणे यांत अंतर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०११ सालच्या सूचनेनुसार, डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच ठेवला, की तो खाण्यास सुरक्षित होतो. बरगड्या मात्र तेव्हा चिवटच असतात. श्वासागणिक राबणारे हे स्नायू कोलॅजन नावाच्या प्रथिनाने बांधलेले असतात. त्याचे मऊ जिलेटिन व्हावयास आतील उष्णता नव्वद अंशांच्या आसपास जावी लागते, आणि वेळही द्यावा लागतो. म्हणून जाणकार बरगड्या फॉइलने घट्ट झाकून सुमारे १३५ अंशांवर अडीच-तीन तास ठेवतात. आच भडकली तर तंतू आकसतात, रस निघून जातो.

आपल्या घरांतून असेच घडत नाही काय? अबोल मुलाला, चिडखोर वृद्ध पित्याला आपण हट्टी ठरवितो. तो ताठरपणा अनेकदा सोसलेल्या कष्टांतून आलेला असतो, याचा विसर पडतो. मीही एकदा एका तरुणाला कठोर शब्दांत सुनावले. त्याने 'चुकलो' म्हटले, आणि तो पुन्हा माझ्या दारी आला नाही.

मग चुकणाऱ्याला काही बोलूच नये काय? थंड ओव्हनमध्ये मांस दिवसभर ठेवले तरी कच्चेच राहील. सत्य सांगावेच लागते. ते सांगताना ऊब टिकवावी लागते आणि वाट पाहावी लागते. अर्थात माणूस म्हणजे मांसाचा तुकडा नव्हे. त्याला स्वतःची इच्छा असते. त्याचे मन किती तासांत द्रवेल, हे कोणत्याही पाकपुस्तकात सापडणार नाही. आपल्या हाती असते ती केवळ आच.

त्या दिवशी गृहिणीने थोडे पाणी शिंपडून बरगड्या झाकल्या, आच उतरविली आणि पाहुण्यांची क्षमा मागितली. आम्ही साडेतीन वाजता जेवलो. हाड हलकेच सुटून हाती आले.